नाटकातलं पडणं

प्रिय डॉक्टर,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहावं लागतं म्हणून लिहिलंय. त्यावरून काही अंदाज बांधू नकोस. मी चिडलेली आहे. किती, ते पुढे कळेलच. फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल तर उत्तर सोपं आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुझं ‘हं, हं, कळलं’ सुरू होतं आणि दुसऱ्या वाक्याच्या निम्म्यावर गोळीचं नाव येतं. इथे तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. फाडून टाकलंस तरी हरकत नाही, मी झेरॉक्स काढून ठेवलीय.

आई महिनाअखेर त्या वृद्धांच्या संस्थेत राहायला जाणार, हे तू ठरवून टाकलंस. खोली बघून आलास, खिडकी पूर्वेला आहे हे मला कौतुकानं सांगितलंस. ‘ताई, तिला आता घरी एकटं ठेवणं शक्य नाही. सारखी पडते, विसरते, आणि तिचं ते नेहमीचं चालूच असतं.’ ते नेहमीचं! हे पत्र त्या नेहमीच्याबद्दलच आहे. पण तिथे पोचायला मला माझ्या चकरेवरून यावं लागेल, कारण ती आली नसती तर आईचं मला या जन्मात कळलं नसतं.

माझं काम मान वर करून करायचं, हे तुला ठाऊक आहे. नाट्यगृहात दिवे लावणारी बाई म्हणजे अर्धं आयुष्य शिडीवर. त्या दिवशी तालमीच्या आधी वरच्या दांड्यावरचा एक दिवा जरा वळवायचा होता. चढले, मान मागे टाकली, आणि सगळं नाट्यगृह माझ्याभोवती फिरायला लागलं. खुर्च्या, बाल्कनी, पडदा, सगळी वरात. मी शिडीला अशी मिठी मारली की लग्नाच्या नवऱ्याला कधी मारली नसेल. खाली शिडी धरून आमचा सुतार उभा होता, तो ओरडला, ‘बाई, खाली बघू नका!’ खाली कुठे आहे हे कळायला तर हवं! थोड्या वेळानं ते थांबलं, तसं एकेक पायरी करत उतरले. खरी भीती तिथे वाटली. जमिनीवर पाय टेकल्याचं पायांना कळलंच नाही. बूट फळीवर आपटल्याचा आवाज कानांनी ऐकला, तेव्हा समजलं की आपण पोचलो. तळपायांना मुंग्या बऱ्याच महिन्यांपासून येत होत्या. मी समजत होते, उभं राहून येतात. मग त्या बोटांतही आल्या. ब्लाउजची हुकं लावताना बोटं कोणाकडून तरी उसनी आणल्यासारखी वाटायची.

संध्याकाळी तुला फोन केला. तू काहीतरी चावत होतास. मी म्हटलं, ‘अरे, मान वर केली की चक्कर येते, आणि हातापायांना...’ तू म्हणालास, ‘टेन्शन घेतेस तू. वय बघ आपलं. शिडीवर कसली चढतेस या वयात? झोपेची एक हलकीशी लिहून देतो.’ हातापायांना काय, हे तू विचारलंसच नाहीस. माझं ते वाक्य अजून तुझ्या फोनमध्ये लोंबकळत असेल. तू निदान करत नाहीस, निकाल देतोस, आणि तोही साक्षीदार उभा राहायच्या आत.

मग मी निघाले दारोदार. पहिले भेटले ते मानेचे डॉक्टर. त्यांनी फोटो काढला आणि माझे मणके झिजलेत हे असं सांगितलं, की जणू मी ते वापरायलाच नको होते. मणक्यात शीर दबते, म्हणून मुंग्या, म्हणून चक्कर. गळ्यात पट्टा घातला. पट्टा घातलेली बाई दिवे काय लावणार? आमच्या दिग्दर्शकानं मोठ्या प्रेमानं सांगितलं, ‘ताई, आता तुम्ही खाली बसूनच सांगत जा, वर पोरं चढतील.’ दुसरे भेटले ते मनाचे डॉक्टर. त्यांच्या मते माणूस घाबरला की भराभरा श्वास घेतो, त्यानं गरगरतं आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. होत असेल, काही जणांना होतही असेल. पण मला आधी चक्कर येते आणि मग मी घाबरते, हा क्रम त्यांना काही केल्या पटेना. तिसऱ्यांनी रक्तातली साखर बघितली. ती नेमकी चांगली निघाली, तेव्हा ते माझ्याकडे असे पाहायला लागले, की मी त्यांचा वेळ खायलाच आले होते.

दोष आपल्या भाषेचाही आहे म्हणा. एक ‘चक्कर’ म्हटलं की त्यात काय काय मावतं. बाजारात चक्कर मारतात ती, शेजारणीच्या नवऱ्याची असते ती, डोकं फिरलेल्याला म्हणतात ती. प्रत्येक डॉक्टर त्यातली आपल्या कामाची तेवढी उचलायचा. आणि मुंग्यांचं तर विचारूच नकोस. ‘मुंग्या येतात’ म्हटलं की एक जण हसून म्हणाला, ‘म्हणजे गोड आहात तुम्ही.’ त्याची पाटी माझ्याच हातानं उतरवावीशी वाटली.

शेवटी सुताराची बायको म्हणाली, कानाच्या बाईंना दाखवा. मी म्हटलं, अहो, मला ऐकू येतं. तरी गेले. या बाई माझ्याच वयाच्या, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मी सुरुवात केली, ‘चक्कर येते.’ त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘तो शब्द सोडून सांगा.’ तो शब्द सोडून? ‘खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की नुसता तोल जातो? झोपून उठताना, की उभं राहताना, की कूस बदलताना? किती वेळ टिकते?’ आणि विचारून त्या थांबल्या. अरे, खरंच थांबल्या! तेवढ्या शांततेची सवय नसल्यानं मला पहिल्यांदा काही सुचेचना. मग सुटलेच. कूस बदलली की खोली फिरते, मान वर केली की फिरते, जरा वेळानं आपोआप थांबते. त्यांनी मला पलंगावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि धाडकन मागे आडवं केलं. छत फिरायला लागलं. मी किंचाळले. आणि त्या माझ्या डोळ्यांकडे वाकून बघत म्हणतात, ‘छान!’ बुबुळं कशी उडतात ते त्यांना बघायचं होतं. कानाच्या आत बारीक चुन्याचे कण असतात, त्यातले काही जागा सोडून भलत्या नळीत घरंगळले, की डोकं हलवल्यावर मेंदूला वाटतं आपण गरगरतोय. कानाला खडा लावणं ऐकलं होतं, कानात खडा सुटतो हे पहिल्यांदाच ऐकलं. डोकं इकडे, मग तिकडे, मग कुशीवर, मग उठून बसा. एवढ्यावर ते खडे बरेचसे घरी गेले. पुन्हा एकदा जावं लागलं, पण गोळी नाही, पट्टा नाही. मन आणि मान यात एका कान्याचाच काय तो फरक. माझं दुखणं त्या कान्यातच बसलं होतं आणि सगळे दोन्ही बाजूंना शोधत होते.

मी पर्स उचलली. तर बाई म्हणाल्या, ‘बसा. मुंग्यांचं राहिलंय. कानातले खडे पायाला मुंग्या पाठवत नाहीत. दोन वेगळी दुखणी एका माणसात राहू शकतात, भाडेकरूंसारखी. एकाचा दुसऱ्याशी संबंध असलाच पाहिजे असं नाही.’ मग त्यांनी मला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. मिटले, आणि मी भिंतीकडे कलले. त्यांनी धरलं म्हणून वाचले. चक्कर नव्हती, काही फिरत नव्हतं. नुसते पाय कुठे आहेत तेच कळेना.

ते मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. सबंध आयुष्य मी ब्लॅकआउट करत आलेय. दिवे एकदम घालवले की रंगमंचावर दोन जातींची माणसं दिसतात, म्हणजे दिसत नाहीत, पण कळतात. जुना नट अंधारात सरळ विंगेत जातो, कारण फळ्या त्याच्या पायांना पाठ असतात. नवा नट डोळ्यांनी चालत असतो. उजेड गेला की तो खुर्चीवर आपटतो. बाई म्हणाल्या, अगदी तेच. पायांकडून वर जाणारी खबर बंद पडली की माणूस डोळ्यांवर चालतो, आणि स्वतःलाही ते कळत नाही. डोळे मिटले की संपलं.

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. बाईंनी विचारलं, कुठली गोळी रोज घेता का? घेते की! सकाळी उपाशीपोटी, जळजळीची. कोणी दिली? माझ्या भावानं. कधीपासून? आता काय सांगू, आमचा तो लांबचा नाट्यदौरा झाला तेव्हापासून. तुला आठवतं? ‘ताई, ही घेत जा रोज सकाळी’ म्हणालास. घेत जा म्हणालास. थांबव कधी, ते सांगायचं राहिलं तुझं. बाई तुझ्याबद्दल वाईट काही बोलल्या नाहीत, हे तुझ्या माहितीसाठी. म्हणाल्या, वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या पोटात ते जीवनसत्त्व नीट सुटून अंगी लागत नाही, तुमच्या बाबतीत कदाचित तेच झालंय, आणखीही कारणं असतात, ती बघू. ‘कदाचित’ हा शब्द मी डॉक्टरच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तुझ्या दवाखान्यात तो मिळत नाही. आता इंजेक्शनं चालू आहेत. मुंग्या हळूहळू मुक्काम हलवताहेत, बोटं पुन्हा माझी व्हायला लागलीत. गेल्या आठवड्यात शिडीवर चढले. दिग्दर्शक खाली हात जोडून उभा होता, मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

आता आई.

तुझ्याकडे आले होते तेव्हा तू दवाखान्यात होतास, तुझी बायको कामावर. आई मला पाणी आणायला उठली. उठल्यावर जरा वेळ खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, मग चालायला लागली. चालताना तिची नजर जमिनीवर. एकेक फरशी बघून पाय टाकत होती, जसं काही त्यातली एखादी फसवी असावी. पॅसेजमधला दिवा बंद होता, तिथे ती थांबली आणि भिंतीवर तळहात ठेवून म्हणाली, ‘दिवा लाव गं जरा.’ मी दिवे लावणारी बाई. त्या एका वाक्यावर मला अंधारातला तो नवा नट आठवला.

मी विचारलं, ‘पायांना मुंग्या येतात का गं?’ म्हणाली, ‘त्या होय? त्या आता घरच्याच झाल्यात. पूर्वी यायच्या-जायच्या, आता राहायलाच आल्यात.’ पायाखाली कसं वाटतं? ‘गादीवर चालल्यासारखं. बाहेरच्यांना वाटतं म्हातारी डुलते, पण गादीवर कोण सरळ चालेल, तूच सांग.’ मी म्हटलं, ‘डॉक्टरला सांगितलंस का?’ तुला ठाऊक आहे, तू पास झाल्यापासून तिनं तुझं नाव घेतलेलं नाही. सगळीकडे ‘आमचे डॉक्टर’. ती हसली. ‘सांगितलं की. सुरुवातीला सांगायचे. ते म्हणाले, पडदा उघडला वाटतं.’

पडदा उघडला. आईचा प्रयोग सुरू झाला. आज दोन अंकी की तीन अंकी? हे विनोद तुझे. ती भिंत धरून उभी राहिली की तू जेवणाच्या टेबलावरून टाळ्या वाजवायचास आणि पाहुणेही हसायचे, डॉक्टरच हसतोय म्हटल्यावर का नाही हसणार? अरे बाबा, तू दवाखाना चालवतोस, नाटकात काम मी करते. नाटक कशाला म्हणतात ते मला सांगू नकोस. नाटकात पडणारा माणूस आधी जागा बघतो. आधी गुडघा टेकवतो, मग कंबर, मग खांदा. तोंड प्रेक्षकांकडे ठेवतो आणि केस विस्कटणार नाहीत याची काळजी घेतो. आठवडाभर तालीम करून लोक पडतात, तरी गादी मागतात. आई कुठे पडते? बेसिनपाशी. सकाळी तोंडाला साबण लावून. आणि पडली तेव्हा घरात कोणी नव्हतं. प्रेक्षक नसताना प्रयोग कोणी लावत नाही रे!

भुवईवर टाके तूच घातलेस. सुबक घातलेस, व्रण दिसत नाही, हात चांगला आहे तुझा. पण टाके घालताना तिच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतास, तेव्हा तुला एवढं विचारावंसं वाटलं नाही, की पडलीस तेव्हा डोळे उघडे होते का मिटलेले? मी विचारलं. म्हणाली, ‘साबण होता तोंडाला, मिटलेलेच असणार. तोंड धुताना नेहमीच ढकलल्यासारखं होतं. म्हणून हल्ली मी एक डोळा उघडा ठेवून तोंड धुते. झोंबतं, पण पडत नाही.’ एक डोळा उघडा ठेवून! तुझ्या घरात, डॉक्टरच्या घरात, एक बाई डोळ्यात साबण घालून घेत उभी राहते आणि तू म्हणतोस तिचं डोकं चालत नाही. तू तिच्या जागी असतास तर तुला ही युक्ती सुचली असती का?

आणि तिच्या उशाशी काय आहे, ते मी बघितलं. सकाळची जळजळीची गोळी. तीच, माझीवाली. तू घरातल्या सगळ्यांना वाटलीस ती प्रसादासारखी. शिवाय रक्तदाबाची, आणि ‘नाटक’ थांबावं म्हणून ती झोपेची. मी डॉक्टर नाही, उगाच तुझी खुर्ची ओढणार नाही, आणि तिची एकही गोळी मी बंद केलेली नाही. कदाचित माझंच तिचं असेल. कदाचित उठल्यावर तिचा दाब खाली येत असेल, म्हणून ती खुर्चीची पाठ धरते. तो झोपवून आणि उभं करून असा दोनदा बघायचा असतो, असं कानाच्या बाई म्हणाल्या. तू बसवूनच बघतोस. कदाचित साखर, कदाचित तिसरंच काही. तिचं विसरणंही याच्यातलंच असू शकतं, वयाच्या खात्यावर सगळं टाकायच्या आधी बघायला हवं. आणि उशीरही झाला असेल. नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर सगळ्या परत येत नाहीत, हेही बाईंनी सांगितलं. ते ऐकल्यापासून माझा राग कमी व्हायचं नाव घेत नाहीये.

तिथल्या तिथे तिला रिक्षात घालून रक्त द्यायला नेता आलं असतं. तिनं नाही म्हटलं. आणि हे पत्र तिच्या त्या ‘नाही’मुळे लिहितेय. तिनं माझा हात धरला, म्हणजे धरायला गेली आणि पहिल्यांदा मनगटाच्या बाजूलाच पकड गेली, आणि म्हणाली, ‘डॉक्टरांना काही बोलू नकोस. उद्या काही निघालं तर त्यांना केवढं लागेल. आपल्याच आईचं आपल्याला कळलं नाही, असं होईल त्यांना. त्यापेक्षा मी जाते त्या खोलीत. पूर्वेची खिडकी आहे म्हणे.’ समजलं का तुला? ती तिथे जायला तयार झाली ती म्हातारपणामुळे नाही. तुझी पाटी सरळ राहावी म्हणून ती चाललीय. आयुष्यात एकच नाटक केलं तिनं, आणि ते तुला ओळखता आलं नाही. मी तिला शब्द दिला होता, तो हा मोडला. आता तू एक कर. त्या संस्थेला कळव की इतक्यात नाही. उद्या सकाळी दवाखान्यात पहिला पेशंट तिला घे. घरात नाही, जेवता जेवता नाही. रांगेत आलेल्या परक्या बाईला देतोस ती खुर्ची तिला दे, आणि त्या बाईला विचारतोस तेच तिला विचार: ‘बसा. काय होतंय?’ मग तिचं दुसरं वाक्य संपेपर्यंत तोंड उघडू नकोस. रक्त तुझ्या हातानं घे. हात चांगला आहे तुझा.

तुझीच, बदलून मिळत नाही म्हणून,
ताई